पाऊणकिलोचे दूध

मित्रांनो, एका मोठ्या दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाला लागून, एक छोटी खोली आहे. दारावर कागद चिकटवला आहे : 'आयांची खोली. दार वाजवून आत या.' आत दोन खुर्च्या, हात धुण्याचे बेसिन, एक फ्रीज आणि एक फुलाफुलांचा पडदा. त्या पडद्यामागे चाकांच्या स्टँडवर उभा असलेला, मूळचा पांढरा पण आता पिवळट पडलेला जाडजूड डबा म्हणजे मी. मी एक जुना दूधपंप आहे.

हसू नका बरे! विहिरीवरच्या पंपाला कुणी हसत नाही, सायकलमध्ये हवा भरणाऱ्या पंपाला कुणी हसत नाही, मग मीच काय घोडे मारले आहे? माझे काम अगदी साधे. काही बाळे फार लवकर जन्माला येतात, काही जन्मतःच आजारी असतात. त्यांना आईच्या अंगावर पिण्याची ताकद नसते. अशा बाळांच्या आयांचे दूध मी हलकेच ओढून बाटलीत काढतो. मग ते बारीक नळीतून बाळाच्या पोटात जाते. बाळाला ओढता येत नाही तोवर ओढण्याचे काम माझ्याकडे, इतकेच.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. माझ्या पोटात एक मोटर बसवली, मोटरीपुढे रबराचा गोल पडदा बसवला, आणि बाहेर एक नळी व पारदर्शक कप जोडला. शेडच्या टोकाला जाड चष्मा लावलेल्या एक बाई बसत. त्या प्रत्येक पंपाचा कप स्वतःच्या तळहाताला लावून बघत. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले, मान हलवली आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा ओढतो, पण चावत नाही. पास!" मला मिळालेले ते पहिले प्रशस्तिपत्र.

माझ्या पाठोपाठचा नंबर असलेला दुसरा एक पंप होता. आम्ही एकाच खोक्यातून या दवाखान्यात आलो, म्हणून मी त्याला माझा जुळा भाऊच मानतो. आम्ही आलो त्या दिवशी मोठा थाट झाला. चार साहेब आले, फीत कापली, फोटो निघाले, टाळ्या वाजल्या. मग सगळे चहा पिऊन निघून गेले, आणि आम्हाला वापरायचे कसे हे कुणालाच कुणी शिकवले नव्हते, हे दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या ध्यानात आले. आठवड्याने आमची रवानगी तळघरातल्या कोठीत झाली. तिथे मोडक्या खुर्च्या होत्या, एक पाय नसलेला पलंग होता, आणि भिंतीला ओल होती. दोन वर्षे आम्ही तिथे पडून राहिलो. त्या ओलीने माझ्या भावाची मोटर खाल्ली. मी कोरड्या बाजूला होतो, म्हणून वाचलो.

मला बाहेर काढले ते मोठ्या सिस्टरांनी. त्यांना 'मोठ्या' म्हणत, पण उंचीने त्या विभागात सगळ्यांत लहान. काचेच्या पेटीतली बाळे बघायला त्यांना पायाखाली स्टूल लागे. तेच स्टूल मोडले म्हणून दुसरे शोधायला त्या कोठीत आल्या आणि माझ्यावर टाकलेले पोते त्यांनी ओढले.

"अगं बाई! हा आपल्याकडे होता?" त्या एकट्याच मोठ्याने म्हणाल्या. "आणि आम्ही वर थेंबाथेंबासाठी तरसतोय!"

स्टूल राहिले बाजूला. त्या मला ढकलत लिफ्टपर्यंत घेऊन गेल्या. चार दिवस जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझी माहितीपुस्तिका वाचली, खुणा केल्या, माझी नळी बदलली, कप उकळले. मग मी कामाला लागलो.

सुरुवातीला आया मला बघून बिचकत. एक आई तर संतापून म्हणाली, "मला काय गोठ्यात बांधताय का?"

मोठ्या सिस्टरांनी शांतपणे तिच्या हातात ग्लास दिला. "गोठ्यात असता तर मी चारा आणला असता. हे पाणी आहे, ते आधी प्या. मग रागवा." त्या आईला हसू फुटले, आणि हसता हसता तिचे दूध सुरू झाले. हळूहळू माझे नाव झाले. आया एकमेकींना सांगू लागल्या, "त्या घुर्रफुस्सपाशी जाऊन बस, बरं वाटतं." मी चालताना तसाच आवाज करतो. घुर्र, फुस्स. घुर्र, फुस्स.

माझ्या आयुष्यात शेकडो आया आल्या. पण आज मी तुम्हाला सांगणार आहे ती कंडक्टरबाईंची गोष्ट.

कंडक्टरबाई शहराच्या बसवर तिकिटे फाडत. आवाज असा खणखणीत, की मागच्या दारातून हाक दिली तर ड्रायव्हरच्या पुढच्या काचेला ऐकू जावी. पोटात बाळ होते, आणि त्याला सात महिनेही पुरे झाले नव्हते. एके दिवशी सकाळी कामावर असतानाच त्यांचे डोके भयंकर दुखू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकले. ड्रायव्हरने बस सरळ दवाखान्याच्या फाटकात आणून उभी केली, प्रवाशांसकट. रक्तदाब इतका वाढला होता की डॉक्टरांनी तासाभरात शस्त्रक्रिया करून बाळ बाहेर काढले. मुलगी होती. वजनकाट्यावर आकडा उमटला : सातशे पन्नास.

"पाऊणकिलो," काट्याजवळची नर्स हळूच म्हणाली. तेच तिचे नाव पडले.

पाऊणकिलोला काचेच्या पेटीत ठेवले. तिचा पाय माझ्या नळीच्या टोकाएवढा. श्वासाला यंत्र, उबेला दिवा, औषधाला सुई. दुपारी मोठ्या सिस्टर मला ढकलत खालच्या मजल्यावर कंडक्टरबाईंच्या पलंगापाशी घेऊन गेल्या.

बाईंचा चेहरा सुजला होता, ओठ सुकले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "सिस्टर, मी अजून माझी पोर पाहिलीसुद्धा नाही. आणि तुम्ही दूध मागताय?"

"हो, मागतेय," सिस्टर पलंगाच्या कडेवर टेकल्या. "वर आम्ही तिला श्वास देतोय, ऊब देतोय, औषध देतोय. पण एक गोष्ट आमच्याकडे नाही. ती फक्त तुमच्याकडे आहे."

"येणार आहे का ते? सात महिन्यांत?"

"येतं. तुमच्या अंगाला कळलंय बाळ आलंय म्हणून. त्याला फक्त आठवण करून द्यायची."

त्या दिवशी मला सुरूही केले नाही. सिस्टरांनी हातानेच, बोटांनी हलके दाबून, पिवळसर चीक काढला. थेंब आला की सिरिंजने टिपायचा. पाऊण तासात अर्धा मिलिलिटर जमला. तुमच्या पेनच्या टोपणातही यापेक्षा जास्त मावते!

ती सिरिंज वर न्यायचे काम बाळाच्या बाबांकडे आले. बाबा पाण्याचे पंप दुरुस्त करत. हात ऑइलने कायमचे काळवंडलेले. त्यांनी ते तीनदा घासून धुतले, आणि काठोकाठ भरलेली घागर न्यावी तशी ती सिरिंज दोन्ही हातांत धरून जिना चढले. बाळांच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यातला चीक कापसाच्या काडीवर घेऊन बाळाच्या गालाच्या आतून लावला. काही मिनिटांत बाबा धावत खाली आले. "चाटलं!" ते दारातूनच ओरडले. "अगं, तिने जीभ काढून चाटलं! मी बघितलं!"

कंडक्टरबाई त्या दिवशी पहिल्यांदा रडल्या.

दुसऱ्या दिवसापासून माझे काम सुरू झाले. दर तीन तासांनी, दिवसातून आठ वेळा. मी जीव तोडून घुर्र-फुस्स करायचो, पण बाटलीचा तळ जेमतेम ओला व्हायचा. दुसरा दिवस तसाच गेला. तिसराही. बाळाच्या आजी, म्हणजे बाईंच्या सासूबाई, पदराने कपाळ पुसत बाटली उजेडात धरून बघायच्या आणि काही न बोलता खाली ठेवायच्या. त्यांचे ते न बोलणे मला फार लागायचे. एकदा मात्र त्या बोलल्या, "आमच्या घरात कुणाला असलं यंत्र लावावं लागलं नाही." बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवले.

चौथ्या दिवशी बाईंना चाकाच्या खुर्चीतून वर आणले. त्यांनी काचेच्या पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घातला आणि एक बोट बाळाच्या तळहातावर ठेवले. बाळाने ते धरले. मुठीत मावले फक्त बोटाचे टोक, पण धरले ते असे, की नर्सला सोडवावे लागले.

तिथून बाई सरळ माझ्यापाशी आल्या. कप लावला, मी सुरू झालो. काहीच आले नाही. बाईंनी डोळे मिटून घेतले आणि हळूहळू पुटपुटायला लागल्या. मी कान दिला. त्या देवाचे नाव घेत नव्हत्या, त्या आपल्या बसचे थांबे म्हणत होत्या! माझ्या प्रत्येक घुर्रला एक थांबा.

"डेपो... भाजी मंडई... पाण्याची टाकी... मुलींची शाळा... गिरणी फाटक... मोठा पूल..."

मोठ्या पुलावर पहिला थेंब पडला. मग दुसरा. मग थेंबांची धार झाली. मित्रांनो, मी यंत्र आहे, मला अंगावर काटा येत नाही. पण माझी नळी त्या क्षणी थरथरली, हे खरे. आईला पान्हा फुटणे म्हणजे काय, ते मी त्या दिवशी जवळून पाहिले.

"सिस्टर!" बाईंनी बसमधल्यासारखी हाक मारली. "बाटली भरतेय! दुसरी आणा!"

तो आवाज विभागात सगळीकडे घुमला. एक नर्स धावत आली, तिला वाटले कुणी पडले की काय. बाटलीत पंचवीस मिलिलिटर दूध होते. पाऊणकिलोला तेव्हा एका वेळी एकच मिलिलिटर लागायचे. म्हणजे एका बैठकीत पंचवीस जेवणे झाली!

पुढचे आठ दिवस सुखाचे गेले. एकाचे दोन मिलिलिटर झाले, दोनाचे चार. पाऊणकिलोचे वजन आधी थोडे घटले, मग भरून आले आणि आठशेच्या पुढे गेले. बाई प्रत्येक बाटलीवर नाव, तारीख, वेळ लिहीत, तिकिटावर पंच मारावा तितक्याच चोखपणे. उरलेले दूध फ्रीजच्या वरच्या कप्प्यात गोठवून ठेवले जाई.

आणि बाराव्या दिवशी घात झाला. सकाळी नर्सला दिसले, की पाऊणकिलोचे पोट फुगले आहे. रंग उतरला आहे. डॉक्टरीणबाई आल्या, पोटाचा एक्स-रे फोटो काढला, आणि त्यांनी सांगितले, "आतड्याला सूज आलीय. काही दिवस पोटात काहीही द्यायचं नाही. सगळं सुईतून." कमी करत आणलेला श्वासाच्या यंत्राचा जोर पुन्हा वाढवला.

बाई आयांच्या खोलीत आल्या आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या. त्या वेळी ही खोली म्हणजे विभागाबाहेरच्या जिन्याखालची पडदा लावलेली जागा होती. तिथे डॉक्टरीणबाई त्यांच्यामागे आल्या.

"माझ्या दुधाने झालं का?" बाईंनी विचारले.

"नाही," डॉक्टरीणबाई ठामपणे म्हणाल्या. "इतक्या लवकर आलेल्या बाळांची आतडी कच्ची असतात, म्हणून असं होतं. उलट पुन्हा सुरू करू तेव्हा तिला तुमचंच दूध लागणार आहे. तुम्ही काढत राहा."

बाईंनी मान हलवली, पण डॉक्टरीणबाई गेल्यावर उठून माझ्यावर चादर टाकली. ज्या बाळाला थेंबही द्यायचा नाही, त्याच्यासाठी काढायचे कसे? हात चालत नव्हता. एक वेळ चुकली. तीन तासांनी दुसरी चुकली. चादरीखाली मी गप्प उभा होतो. बाटल्या कोरड्या. मला माहीत होते, दूध काढले नाही तर ते हळूहळू आटते. पण मला बोलता कुठे येते?

बोलल्या त्या सासूबाई. त्या आत आल्या, दुसरी खुर्ची ओढून सुनेसमोर बसल्या. 

"तुला माहीत नाही, तुझ्या नवऱ्याच्या आधी मला एक झालं होतं," त्या म्हणाल्या. "सात महिन्यांचं. मुलगा होता."

बाईंनी मान वर केली.

"तेव्हा काचेच्या पेट्या नव्हत्या. त्याला ओढता यायचं नाही. सगळे म्हणाले, हिच्या दुधात जोर नाही. मलाही तेच वाटलं. मी कापडाने छाती बांधून टाकली. दूध यायचं गं, खूप यायचं. पदर भिजायचा. पण कुणी सांगितलंच नाही, की ते वाटीत काढून चमच्याने द्यावं. चौथ्या दिवशी तो गेला."

माझ्या चादरीवर कुणाचा तरी हात आला. सासूबाईंचा होता. त्यांनी चादर ओढून काढली, घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

"मी या यंत्राला नावं ठेवली, कारण हे बघितलं की मला तोच आठवतो. वाटतं, हे तेव्हा असतं तर. तू बांधू नकोस बाई. ती पीत नाही तर नाही, आज जमवून ठेव. उठली की मागेल."

दोघी एकमेकींना धरून रडल्या. मग सासूबाईंनी डोळे पुसले, बेसिनवर साबणाने हात कोपरापर्यंत धुतले आणि विचारले, "हा कप उकळायचा किती वेळ? मला दाखव."

त्या दिवसापासून सासूबाई माझ्या मुकादम झाल्या. कप उकळणे, सुकवणे, झाकून ठेवणे, सगळे त्यांच्याकडे. न धुतलेल्या हाताने कुणी मला शिवले की संपलेच! एकदा डॉक्टरीणबाईंनासुद्धा त्यांनी हटकले, "आधी हात. बेसिन तिकडे आहे." डॉक्टरीणबाईंनी निमूटपणे हात धुतले.

फ्रीजच्या वरच्या कप्प्यात बाटल्यांची रांग वाढू लागली. आणि नेमका त्याच आठवड्यात मी दगा दिला.

माझ्या घुर्रमध्ये खरखर आली. फुस्स तर जवळजवळ नाहीसाच झाला. माझा रबरी पडदा इतक्या वर्षांनी चिरला होता, त्यामुळे ओढच लागेना. दवाखान्याची यंत्रे दुरुस्त करणारे तंत्रज्ञ आले, त्यांनी मला उघडून पाहिले आणि मान हलवली. "पडदा गेलाय. नवा मागवावा लागेल. आठ-दहा दिवस."

"आठ-दहा दिवस?" बाई हबकल्या. त्यांनी हाताने काढणे सुरू केले, सिस्टरांनी शिकवले होते तसे. पण मनगट सुजले, आणि पाच बाटल्यांच्या जागी दोनच भरू लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दुसऱ्या दिवशी बाबा तंत्रज्ञांसमोर येऊन उभे राहिले. "साहेब, माझं सगळं आयुष्य पंपांत गेलंय. विहिरीवरचे असले म्हणून काय झालं, पडदा तो पडदाच. मला नुसतं बघू द्या."

तंत्रज्ञ हसले, पण त्यांनी नाही म्हटले नाही. दोघांनी मिळून मला टेबलावर घेतले. बाबांनी चिरलेला पडदा बोटांवर तोलला, माप घेतले आणि विचारले, "असाच दुसरा पंप कुठे पडलाय का? बंद असला तरी चालेल."

मोठ्या सिस्टरांनी कपाळावर हात मारला. "कोठीत! जुळा आहे त्याचा!"

माझा भाऊ इतक्या वर्षांनी वर आला. मोटर गंजून गेलेली, अंगावर कोळ्याचे जाळे. पण त्याच्या पोटातला पडदा कोठीत न वापरता राहिला होता. तंत्रज्ञांनी तो भिंगाखाली तपासला, ताणून पाहिला. कुठेही चीर नव्हती. त्यांनी तो काढला, स्वच्छ केला, माझ्या पोटात बसवला, आणि दाब मोजायचा काटा लावून ओढ मोजली.

"अगदी बरोबर," तंत्रज्ञ म्हणाले. "पंपवाले, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या."

"आधी पोरगी घरी येऊ द्या," बाबा म्हणाले.

घुर्र, फुस्स. मी पुन्हा सुरू झालो. माझ्या भावाने जन्मात एकही बाटली भरली नव्हती. त्या दुपारी त्याच्या पडद्याने चार भरल्या. त्या दिवसापासून मी दोघांचा मिळून चालतो.

पाऊणकिलोचे पोट उतरले ते एकविसाव्या दिवशी. डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावून पाहिला, नव्या फोटोकडे बघितले आणि म्हणाल्या, "सुरू करूया. एक मिलिलिटर."

वरच्या कप्प्यातली बाटली कोमट पाण्यात धरून वितळवली. नळीतून दूध उतरत गेले. तीन तासांनी पोट मऊ. पुन्हा एक. पुन्हा मऊ. सासूबाई काचेबाहेर उभ्या राहून नर्सच्या चेहऱ्यावर नजर ठेवून होत्या, नर्स हसली की हसायच्या. आठवड्याने चार मिलिलिटर, मग आठ, मग बारा. आणि एके सकाळी काट्यावर आकडा उमटला : एक हजार दहा.

"किलो!" काट्याजवळची नर्स ओरडली. "पाऊणकिलो एक किलो झाली!" सगळ्या विभागाने टाळ्या वाजवल्या. फीत कापली तेव्हाही वाजल्या होत्या, पण या टाळ्यांचा आवाज वेगळा होता.

मग पाऊणकिलोला रोज आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून, दोन-तीन तास ठेवू लागले. कांगारू पिलाला पोटाशी ठेवते ना, तसे. त्या तासांनंतर बाई माझ्यापाशी आल्या की बाटल्या अशा भरत, की मलाच दम लागायचा. वरचा कप्पा भरला, मग खालचाही भरला.

त्याच वेळी शेजारच्या पेटीत एक नवे बाळ आले. त्याची आई दुसऱ्या विभागात बेशुद्ध होती. डॉक्टरीणबाई संकोचत कंडक्टरबाईंकडे आल्या. "तुमच्याकडे साठा खूप आहे. तुमची रक्ततपासणी करून, दूध तापवून निर्जंतुक करून, थोडं त्या बाळाला दिलं तर चालेल का? तुमच्या मुलीला काही कमी पडणार नाही, हे मी बघते."

कंडक्टरबाईंनी क्षणाचाही विलंब लावला नाही. "आत जागा आहे की," त्या म्हणाल्या. "चढू द्या त्यालाही!"

त्या बाळाने त्यांच्या दुधावर अकरा दिवस काढले. मग त्याची आई शुद्धीवर आली, आणि तिला मी भेटलो. तिची गोष्ट वेगळी आणि तीही आनंदाची आहे.

पाऊणकिलोच्या नाकातली नळी अजून होतीच. पण ती आता तोंडाने चोखायचा प्रयत्न करू लागली होती. आधी नुसते हुंगायची, मग चाटायची, मग दमून झोपायची. बाई म्हणायच्या, "असू दे, पुढच्या फेरीला." साठाव्या दिवशी मी नेहमीसारखा कप चकचकीत करून तयार होतो. बाई खुर्चीवर बसल्या, सिस्टरांनी पाऊणकिलोला त्यांच्या अंगाशी दिले. तिने तोंड उघडले, मोठे उघडले, आणि धरले.

"शू!" मोठ्या सिस्टर म्हणाल्या. सगळे गप्प झाले. त्या शांततेत एक बारीकसा आवाज आला. गुटुक. थोड्या वेळाने पुन्हा, गुटुक.

"गिळतेय," सासूबाई पुटपुटल्या. "सूनबाई, ती ओढतेय गं. स्वतः ओढतेय!"

 कंडक्टरबाईंचा तो खणखणीत आवाज पहिल्यांदाच कुठेतरी हरवला होता. बाबा जिन्यात बसून ढसाढसा रडले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, "काही नाही, काही नाही, चांगलंच झालंय."

त्या वेळी मला कुणी सुरू केले नाही. मी पडद्याशेजारी बंद उभा होतो, आणि माझ्याइतका खूश त्या दवाखान्यात दुसरा कुणी नव्हता.

घरी गेली तेव्हा पाऊणकिलो दोन किलोला थोडी कमी होती. नर्सेसनी सांगितले, आता नाव बदला. बाबा म्हणाले, "शंभर किलोची झाली तरी पाऊणकिलोच." निघताना सासूबाई मागे राहिल्या. त्यांनी ओल्या फडक्याने माझे झाकण, माझी चाके, माझी वायर पुसली, आणि घटकाभर माझ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग फाटकातून बसचा भोंगा ऐकू आला. ड्रायव्हर तीच बस घेऊन आला होता.

मित्रांनो, त्यानंतर दवाखान्याला जाग आली. जिन्याखालची जागा जाऊन ही खोली झाली. नवे तीन पंप आले. दूध साठवायला मोठा फ्रीज आला, जास्तीचे दूध तपासून दुसऱ्या बाळांना द्यायची सोय झाली. आता मी म्हातारा झालो आहे. नवे पंप आवाज करत नाहीत, त्यांच्यावर आकडे लुकलुकतात. त्यांच्यावर गर्दी झाली की माझी आठवण होते, आणि अधूनमधून माझ्यावर कुणी तरी स्वेटर वाळत घालते. माझी तक्रार नाही. फक्त मला ओलीत ठेवू नका. आमच्यासारख्या यंत्रांना आणून फोटो काढू नका नुसते, वापरायला शिका, धुवा, सुकवा, सुटे भाग जपा. कोठीत पडलेले यंत्र कुणाच्याच बाळाला उपयोगी पडत नाही.

आणि तुमच्या घरात, शेजारात कधी एखादे बाळ लवकर जन्माला आले, तर त्याच्या आईला 'किती दूध आलं?' असे विचारू नका. तिला बसायला खुर्ची द्या, पाण्याचा ग्लास द्या, आणि तिच्या बाटलीकडे रोखून बघू नका. थेंब आला तरी तो आलाच आहे, असे तिला सांगा. मी एवढ्या वर्षांत हेच शिकलो.

पण थांबा. दार वाजले. एक नवी आई दारात उभी आहे, पायांत दवाखान्याच्या सपाता, हातात रिकामी बाटली. नवे तिन्ही पंप आज गुंतलेले आहेत. मोठ्या सिस्टर माझ्यावरचा स्वेटर उचलून खुंटीला लावतात आणि माझी वायर सोडवतात.

"येईल ना हो?" ती आई विचारते.

"बसा," सिस्टर म्हणतात, आणि माझे बटण दाबतात.